जुना पिकअप राखीव टोइंग गाडी म्हणून तयार करायचा असेल तर खर्च कोठून सुरू करावा?

आपला प्रश्न मी असा समजलो आहे: ट्रेलर ओढणारी नेहमीची गाडी कधी दुरुस्तीला गेली तर काम अडू नये, म्हणून आपण वीसेक वर्षांपूर्वीचा, हाफ-टन वर्गातला (मोठ्या पिकअपमधला सर्वांत हलका वर्ग), पेट्रोलवर चालणारा व्ही-8 (आठ सिलिंडरचा) पिकअप घेतला आहे. ट्रेलर भरल्यावर 2500 किलोंच्या आसपास जातो, आणि आधी इंजिनाची ताकद वाढवावी की गाडी उंच करून मोठे टायर बसवावेत, हे आपल्याला ठरवायचे आहे. माझे उत्तर असे, की पहिले काम सर्वांत शेवटी करावे आणि दुसरे करूच नये. त्या काळातल्या व्ही-8 इंजिनात 2500 किलो ओढण्याइतकी ताकद मुळातच असते. जुनी गाडी कमी पडते ती थांबण्यात आणि उष्णता बाहेर टाकण्यात. शिवाय राखीव गाडी बाहेर निघते ती नेमकी अशा दिवशी, ज्या दिवशी तिची तपासणी करायला कोणालाच सवड नसते. त्यामुळे तिच्यावरचे सगळे काम त्या दिवसाच्या कितीतरी आधी झालेले असावे लागते.

एकही सुटा भाग विकत घेण्यापूर्वी गाडी रॅम्पवर चढवून चासी, म्हणजे खालचा पोलादी सांगाडा, पाहावी. हिच (ट्रेलर जोडण्याचा आकडा) जेथे बोल्टने बसतो तो मागचा भाग, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचे चासीला जोडणारे हँगर आणि शॅकल, आणि मागच्या ॲक्सलच्या वर चासी जेथे कमानीसारखी वळते ती जागा, या तिन्ही ठिकाणी हातोडीने ठोकून पाहावे आणि जाड स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. शाबूत पोलादाचा आवाज खणखणीत येतो. आतून गंजलेल्या भागाचा आवाज बद्द येतो आणि पापुद्रे सुटतात. वरवरच्या तांबूस थराची काळजी करण्याचे कारण नाही, पण टोक आत रुतत असेल तर ही गाडी टोइंगसाठी घेऊ नये, मग इंजिन कितीही सुरेख चालत असो.

चासी चांगली निघाली की गाडी वजनकाट्यावर न्यावी: पेट्रोलची टाकी भरलेली, नेहमीचे सामान आणि माणसे आत, आणि पुढच्या व मागच्या ॲक्सलचे वजन वेगवेगळे. दाराच्या खांबावरच्या लेबलवर गाडीचे कमाल एकूण वजन आणि प्रत्येक ॲक्सलची मर्यादा छापलेली असते. माहितीपत्रकातल्या ओढण्याच्या आकड्यापेक्षा मला हे लेबल अधिक विश्वासाचे वाटते. टोइंग क्षमता मोजण्याचे एसएई (अमेरिकी वाहन अभियंत्यांची संस्था) जे2807 हे समान मानक 2008 मध्ये आले. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने चाचणी घेऊन आकडा जाहीर करत असे, त्यामुळे दोन जुन्या गाड्यांच्या आकड्यांची तुलना फारशी उपयोगाची नसते. इतक्या जुन्या गाडीकडून मी छापील क्षमतेच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक काम घेत नाही.

ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण 10 ते 15 टक्के भार हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर ज्या गोळ्यावर टेकतो त्यावर, यायला हवा, म्हणजे आपल्या बाबतीत 250 ते 375 किलो. हा भार कमी ठेवला तर ट्रेलर वेगात डावीउजवीकडे झुलू लागतो. मात्र बॉल मागच्या ॲक्सलच्याही मागे असल्यामुळे त्यावरचे वजन तरफेसारखे काम करते, हे विसरू नये. समजा, दोन ॲक्सलमधले अंतर 3.6 मीटर आहे आणि बॉल मागच्या ॲक्सलच्या 1.2 मीटर मागे आहे. बॉलवर 300 किलो ठेवले की मागच्या ॲक्सलवर 400 किलो वाढतात आणि पुढच्या ॲक्सलवरचे 100 किलो कमी होतात. स्टिअरिंग आणि ब्रेकचा मोठा वाटा पुढच्या चाकांवर असतो, आणि नेमकी तीच हलकी होतात. म्हणून या वजनाच्या ट्रेलरसाठी वेट डिस्ट्रिब्यूशन हिच बसवावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्यातल्या स्प्रिंगच्या दांड्या भाराचा काही भाग पुन्हा पुढच्या ॲक्सलवर आणि काही ट्रेलरच्या ॲक्सलवर नेतात. आपल्या पिकअपचा आणि ट्रेलरचा निर्माता त्याला परवानगी देतो का, हे मात्र आधी पाहून घ्यावे. मागच्या पाट्यांना जोड म्हणून एअर बॅग किंवा हेल्पर स्प्रिंग बसवल्याने गाडी सरळ उभी राहते, पण लेबलवरची मर्यादा एका किलोनेही वाढत नाही. पाटे दबून खाली गेले असतील तर नवेच घालावेत.

आता ब्रेक. पहिला मोठा खर्च मी येथेच करेन. मोकळा पिकअप सव्वादोन टनांचा धरला तर ट्रेलरसह ते वजन पावणेपाच टनांच्या घरात जाते, म्हणजे त्याच वेगातून थांबताना दुपटीहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. पॅड, डिस्क, मागच्या ड्रमचे लायनर आणि व्हील सिलिंडर यांची स्थिती सहज दिसते, म्हणून ते बदलले जातात. राहून जातात ते ब्रेक ऑइल, रबरी होज आणि पोलादी नळ्या. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट 3 प्रतीचे नवे ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषल्यावर ही हमी 140 अंशांवर येते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. लांब उतारावर सतत ब्रेक लागला की कॅलिपरमधले (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातले) जुने ऑइल उकळते, नळीत वाफ तयार होते, आणि पेडल काही सूचना न देता तळाला जाते. सपाट रस्त्यावर मोकळी गाडी चालवताना या दोषाची चाहूलही लागत नाही.

रबरी होजची गोष्ट वेगळी. बाहेरून धडधाकट दिसणारी होज आतून सुटून फुगते आणि झडपेसारखी वागू लागते: पेडल दाबले की दाब कॅलिपरपर्यंत जातो, पण पाय काढल्यावर परत येत नाही, आणि चाक किंचित धरलेलेच राहते. अर्धा तास चालवून आल्यावर एका बाजूचे चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे अधिक तापलेले असेल, तर कॅलिपरइतकाच संशय होजवरही घ्यावा. वीस वर्षांच्या गाडीत मी सगळ्या होज न तपासताच बदलतो. पोलादी नळ्यांवर गंजाचे फोड दिसत असतील तर त्या जागी तांबे-निकेलच्या मिश्रधातूच्या नळ्या घालाव्यात. त्या सहज वळतात आणि गंजत नाहीत.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असायलाच हवेत. या वजनाला ते बहुतेक ठिकाणी कायद्यानेही लागतात. ते विजेवर चालणारे असतील तर पिकअपमध्ये कंट्रोलर प्रपोर्शनल प्रकारचा बसवावा, म्हणजे गाडी जितक्या जोराने थांबते तितक्याच जोराने ट्रेलरही थांबतो. ठरावीक वेळेने ब्रेक लावणारा स्वस्त कंट्रोलर हळुवार थांबताना उगाच झटका देतो आणि आणीबाणीच्या वेळी मागे पडतो.

ब्रेकनंतर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. जुन्या पिकअपमध्ये ट्रेलर ओढताना सर्वांत आधी मरतो तो हाच, आणि मरतो तो उष्णतेने. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक नसतो तेव्हा त्यातली घसरण थेट ऑइल तापवते. चढावर चार गिअरांचा जुना बॉक्स तिसऱ्या आणि ओव्हरड्राइव्हमध्ये (सर्वांत वरच्या गिअरमध्ये) सतत वरखाली करू लागला, की ही उष्णता झपाट्याने वाढते. म्हणून आधी डिपस्टिक काढून ऑइल पांढऱ्या कागदावर टेकवावे आणि त्याचा वास घ्यावा. लालसर असेल आणि जळका वास नसेल तर ऑइल आणि फिल्टर बदलून पुढे जावे. काळे पडले असेल, जळका वास असेल आणि गिअर घसरत असेल, तर नुसते ऑइल बदलून भागणार नाही. बॉक्स उघडून नव्याने बांधावा लागेल, आणि तो खर्च धरूनच ही गाडी परवडते का ते पाहावे.

ऑइलसाठी प्लेट पद्धतीचा मोठा कूलर रेडिएटरच्या पुढे बसवावा आणि ऑइलचे तापमान दाखवणारा काटा चालकाच्या नजरेसमोर असावा. हा काटा मला अतिशय मोलाचा वाटतो, कारण बहुतेक जुन्या गाड्या गिअरबॉक्सचे तापमान दाखवतच नाहीत. साधारण 80 ते 95 अंश ठीक आहे. 110 च्या वर सतत राहू लागले तर वेग उतरवावा आणि ओव्हरड्राइव्ह बंद करावा. 120 जवळ आले तर सुरक्षित जागी थांबून न्यूट्रलमध्ये इंजिन थोडे चढे ठेवावे, म्हणजे ऑइल कूलरमधून फिरत राहते. रेडिएटर मूळचा असेल तर तो नवाच घालावा. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचे ऑइल थंड करणारी कॉइल रेडिएटरच्या आत असते. ती आतून फुटली तर कूलंट ऑइलमध्ये मिसळते आणि चांगला गिअरबॉक्सही वाया जातो. फॅन क्लच, म्हणजे इंजिन तापले की पंख्याला जोर देणारा भाग, हाही असाच दुर्लक्षित आहे. इंजिन भरपूर तापल्यावर पंख्याचा घोंघावणारा आवाज ऐकू येत नसेल, तर क्लच थकला आहे असे समजावे. थर्मोस्टॅट, होज आणि वॉटर पंप त्याच वेळी बदलून घ्यावेत.

आता मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेरीसाठी गिअरबॉक्सकडून येणारा दांडा किती फेऱ्या घेतो तो आकडा, कारण आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्यात आहे. हाफ-टन पिकअपमध्ये ते 3.08 पासून 4.10 पर्यंत असू शकते. जनरल मोटर्सच्या त्या काळातल्या गाडीत ग्लव्हबॉक्समधल्या लेबलवर जीयू6 असेल तर 3.42, जीटी4 असेल तर 3.73 आणि जीटी5 असेल तर 4.10 समजावे. 31 इंच व्यासाचे टायर आणि 0.70 चा ओव्हरड्राइव्ह धरला, तर ताशी 90 किलोमीटरला 3.08 वर इंजिन सुमारे 1300 फेऱ्यांवर चालते आणि 3.73 वर सुमारे 1580 फेऱ्यांवर. तिसऱ्या, म्हणजे एकास एक गिअरमध्ये, 3.73 वर तोच आकडा 2260 च्या आसपास जातो, आणि व्ही-8 ला ओढायला हीच जागा सोयीची असते. आता याच गाडीला 33 इंची टायर घातले तर 3.73 चे काम 3.50 सारखे होते. ताकद वाढवायच्या बेताने आपण ती कमी केलेली असते. वर ब्रेकवरचा भार वाढतो, गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि ट्रेलर सपाट ठेवण्यासाठी हिच खोल उतरवावा लागतो. ताकद खरोखरच अपुरी वाटली तर इंजिनाला हात लावण्यापेक्षा 3.08 काढून 3.73 बसवणे कधीही चांगले. इंजिनाला प्लग, वायर, फिल्टर, स्वच्छ ऑइल आणि भरवशाचा इंधन पंप एवढेच द्यावे.

टायरबाबत थोडक्यात: पी अक्षराने सुरू होणाऱ्या (प्रवासी गाड्यांच्या) मापाऐवजी एलटी, म्हणजे हलक्या ट्रकच्या प्रकारचे, योग्य लोड रेंजचे (भार पेलण्याच्या श्रेणीचे) टायर घ्यावेत. बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात; 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. राखीव गाडीची नक्षी झिजत नाही, पण रबर वयाने मरते, म्हणून दहा वर्षांपुढचे टायर कितीही नवे दिसले तरी काढून टाकावेत, आणि स्टेपनीलाही हाच नियम लावावा.

वायरिंगमध्ये सात पिनांचा सॉकेट, ब्रेकची जाड वायर आणि चासीला घट्ट बसलेली अर्थिंग एवढे नीट केले तर पुष्कळ त्रास वाचतो. ट्रेलरचे दिवे विचित्र वागू लागले की आधी अर्थिंगच तपासावी.

उभ्या राहणाऱ्या गाडीचे दुखणे चालत्या गाडीपेक्षा निराळे असते. पेट्रोल काही महिन्यांत शिळे होते, त्यात इथेनॉल असेल तर ओलही धरते. म्हणून टाकी भरलेली ठेवून स्टॅबिलायझर घालावा. बॅटरीला मेंटेनर जोडलेला असावा. दर दोन-तीन आठवड्यांनी गाडी किमान अर्धा तास, गिअरबॉक्सचे ऑइल पूर्ण तापेपर्यंत चालवावी. जागच्या जागी दहा मिनिटे सुरू ठेवल्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचण्यापलीकडे काही साधत नाही. आणि वर्षातून दोन-तीन वेळा, मुख्य गाडी ठणठणीत असतानाही, ट्रेलर याच पिकअपला जोडावा. बॉलचे माप, हिचची उंची, कंट्रोलरचे सेटिंग, आरसे, सगळे त्या वेळी पक्के होते. विमा आणि नोंदणी चालू ठेवावी.

पहिल्यांदा भरलेला ट्रेलर जोडाल तेव्हा लांबचा पल्ला ठरवू नये. ओळखीच्या रस्त्यावर, जवळपास एखादा चढ असलेल्या भागात, वीस-पंचवीस किलोमीटर जावे, थांबावे, आणि चारही चाकांच्या हबजवळ, तसेच ट्रेलरच्या प्रत्येक हबजवळ, हात न टेकवता उष्णता पाहावी. त्यातले एखादे बाकीच्यांपेक्षा वेगळे तापले असेल तर तेथे बेअरिंग किंवा ब्रेक धरत आहे. हिचचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत, कारण नव्याने बसवलेला हिच पहिल्या भारानंतर किंचित बसतो. गिअरबॉक्सच्या काट्याने चढावर किती अंश दाखवले, हे लिहून ठेवावे; पुढच्या वर्षी त्याच चढावर, तितक्याच भाराने, तशाच हवेत तो आकडा वाढलेला दिसला तर कूलर, फॅन क्लच किंवा ऑइल यांपैकी कशाकडे तरी लक्ष देण्याची वेळ झालेली असेल.