वाचकांचे प्रश्न : सरकलेला लूप आणि त्याच्या दोन न जुळणाऱ्या बाजू

प्रश्न : मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. प्रकल्पासाठी कोबाल्टचा अत्यंत पातळ थर तयार करून त्याच्या पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण होऊ दिले. एप्रिलमध्ये आमच्या प्रयोगशाळेत घेतलेला हिस्टेरेसिस लूप (चुंबकीय क्षेत्र उलटसुलट करताना नमुन्याच्या चुंबकनाचा, म्हणजे चुंबकत्वाच्या मापाचा, मिळणारा बंद आलेख) अगदी मध्यावर आला. तोच नमुना बाहेरगावच्या एका संस्थेत चुंबकीय क्षेत्रात ठेवून ७७ केल्व्हिनपर्यंत थंड केला, तेव्हा लूप डावीकडे सरकला. चुंबकन उणे ९०० आणि अधिक ५०० ओर्स्टेडला (ओर्स्टेड हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) शून्यावर आले. लगेच घेतलेल्या दुसऱ्या लूपमध्ये हेच आकडे उणे ७०० आणि अधिक ४८० झाले. शिवाय पहिल्या लूपची डावी बाजू कड्यासारखी सरळ कोसळते, तर उजवी गोलाई घेत चढते. मार्गदर्शकांना नमुना सदोष वाटतो. तो टाकून द्यावा का?
— एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : मुळीच टाकू नये. ज्या गोष्टी तुम्हाला दोष वाटत आहेत, त्याच या विषयातील सर्वांत रंजक गोष्टी आहेत.

आधी एप्रिलचे कोडे सोडवू. कोबाल्ट लोहचुंबकीय आहे, म्हणजे त्यातील अणूंचे स्पिन (अणूंमधील जणू इवलेसे चुंबक) एकाच दिशेला तोंड करून असतात. कोबाल्ट ऑक्साइड प्रतिलोहचुंबकीय आहे. मागावर ताण्याचे दोरे जसे एकाआड एक वर-खाली उचललेले असतात, तसे त्यातील स्पिनचे एकाआड एक पदर परस्परविरुद्ध दिशांना असतात आणि एकूण चुंबकन जवळपास शून्य भरते. मात्र ही शिस्त सुमारे २० अंश सेल्सिअसच्या खालीच टिकते. या मर्यादेला लुई नील यांच्या नावावरून नील तापमान म्हणतात. ज्या गावात एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, तेथे न गारवलेल्या नमुन्यात लूप सरकण्याची अपेक्षाच करता येणार नाही.

क्षेत्रात ठेवून थंड करताना मात्र कोबाल्टचे स्पिन आधीच एका दिशेला वळलेले असतात आणि ऑक्साइडची मांडणी सांध्यापाशी, म्हणजे दोन थर जेथे भेटतात तेथे, त्यांच्याशी जुळवून घेत गोठते. पुढे क्षेत्र उलटे केले की कोबाल्ट वळू पाहतो, पण सांध्यावरचे गोठलेले स्पिन त्याला मूळ दिशेकडे ओढून धरतात. म्हणून एका बाजूला जास्त क्षेत्र लागते आणि परतताना कमी. याला एक्स्चेंज बायस म्हणतात. १९५६ मध्ये मिक्लजॉन आणि बीन यांनी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत तो प्रथम नोंदवला, तोही ऑक्साइडचे कवच असलेल्या कोबाल्टच्या सूक्ष्म कणांवर, म्हणजे तुमच्याच जोडीवर. सांध्यावरचा प्रत्येक स्पिन ओढ लावतो असे धरून गणित केले, तर उत्तर प्रत्यक्षापेक्षा शंभरेक पटींनी मोठे येते, कारण खरोखर घट्ट गोठलेले स्पिन सांध्यावर काही टक्केच असतात.

आता तुमचे आकडे पाहू. पहिल्या लूपचा मध्य उणे २०० ओर्स्टेडवर आहे आणि अर्धी रुंदी ७०० आहे. दुसऱ्याचा मध्य उणे ११० वर आणि अर्धी रुंदी ५९० वर आली. घट कुठे झाली हे नीट पाहावे. उजवी बाजू जेमतेम २० ओर्स्टेडने हलली, डावी मात्र २०० ने. म्हणजे संपूर्ण लूप सरकलेला नसून उलटण्याची पहिली खेप तेवढी वेगळी होती. थंड होताना ऑक्साइडचे सारे कण एकाच दिशेने ओढ लावणाऱ्या मांडणीत गोठतात. अशा एकजिनसी ओढीविरुद्ध चुंबकन सावकाश वळत नाही. एखाद्या दुबळ्या जागी उलट दिशेचे डोमेन (एकाच दिशेच्या स्पिनचा पट्टा) जन्म घेते, त्याची भिंत, म्हणजे सीमा, झपाट्याने पसरते आणि आलेखात कडा दिसतो. या धक्क्यात सांध्यावरचे काही स्पिन कोबाल्टबरोबर फरपटतात आणि मूळ जागी परतत नाहीत. ओढीची दिशा मग जागोजागी थोडी निराळी होते, आणि परतताना चुंबकन भिंतीऐवजी बऱ्याच अंशी फिरत-फिरत वळते. तुमची गोलाई ही ती. वारंवार उलटवल्याने बायस घटत जाण्याला ट्रेनिंग म्हणतात. सर्वांत मोठी घट पहिल्या दोन लूपमध्येच होते.

कोणती बाजू भिंतीने उलटते आणि कोणती फिरून, हे प्रत्येक जोडीत सारखे नसते. लोखंड आणि आयर्न फ्लोराइडच्या थरांवर ध्रुवित (एकाच दिशेला स्पिन असलेले) न्यूट्रॉन परावर्तित करून २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांतही दोन बाजूंना दोन निरनिराळ्या तऱ्हा आढळल्या होत्या. न्यूट्रॉन मिळवणे तुमच्या आवाक्याबाहेरचे असले, तरी फोर-प्रोबची (चार टोके टेकवून रोध मोजण्याची) जुळणी बहुतेक प्रयोगशाळांत असते. नमुना ७७ केल्व्हिनवर असताना प्रवाह क्षेत्राला समांतर सोडावा आणि रोध मोजत जावे. चुंबकन फिरत असेल तर ते वाटेत प्रवाहाला काटकोनात येईल आणि रोधात खड्डा दिसेल. डोमेन भिंत सरकून सरळ १८० अंशांत उलटत असेल, तर रोध जवळपास हलणार नाही. डाव्या बाजूला सपाट आणि उजव्या बाजूला खड्डा मिळाला, तर मार्गदर्शकांना दाखवायला तो एक आलेख पुरेसा आहे.

पहिला लूप पुन्हा हवा असल्यास नमुना नील तापमानाच्या वर नेऊन क्षेत्रातच पुन्हा थंड करावा. त्यासाठी सोलापुरात भट्टी लागणार नाही, नमुना बाहेर काढून ठेवला तरी भागेल. आणखी एक आग्रहाची विनंती : प्रबंधात बायसचा आकडा देताना तो कितव्या लूपचा आहे हे अवश्य लिहावे. ते न लिहिलेल्या शोधनिबंधांनी आमचा बराच वेळ खाल्ला आहे.

प्रश्न : अशा थरांचा आम्हा सामान्यांना काय उपयोग?
— एक निवृत्त गिरणी कामगार, सोलापूर

उत्तर : १९९७ च्या सुमारास आलेल्या हार्ड डिस्कच्या वाचक-शीर्षात (डिस्कवरील माहिती वाचणाऱ्या भागात) दोन चुंबकीय थर असत. एक डिस्कवरील खुणेनुसार मोकळेपणाने उलटे, तर दुसरा एक्स्चेंज बायसने जखडून ठेवलेला असे. त्या दोघांच्या दिशा जुळल्या की रोध कमी होई, विरुद्ध झाल्या की वाढे, आणि त्या फरकावरून माहिती वाचली जाई. या रोधबदलाच्या शोधासाठी फर्ट आणि ग्रुनबर्ग यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जखडण्यासाठी तेथे कोबाल्ट ऑक्साइड चालले नसते, कारण ते २० अंशांनाच हात टेकते. म्हणून पुढे इरिडियम-मँगनीज आणि प्लॅटिनम-मँगनीज हे मिश्रधातू रूढ झाले. त्यांची पकड शंभर अंशांच्या बऱ्याच वरपर्यंत टिकते.