अर्ज भरायच्या आधी वखारीत जा

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे सगळे फोटो बघितले. फोटोग्राफीच्या मास्टर्सच्या अर्जाला लग्नांचे लावू नकोस. निपाणी-चिकोडी पट्ट्यात इतकं नेटकं काम करणारी पोरं थोडीच आहेत, पण त्या फोटोंत काय दिसावं हे गिऱ्हाइकानं ठरवलेलं असतं. मास्टर्सच्या मुलाखतीत विचारतात ते तू काय ठरवलंस ते.

तंबाखूच्या वखारीतले मात्र मी पुन्हा पुन्हा बघितले. निपाणीचा तंबाखू म्हटला की लोकांना 1981 चं आंदोलन आठवतं, पुणे-बेंगळुरू महामार्ग अडवून बसलेले शेतकरी आठवतात. तो माल पुढे बंद दाराआड चाळतं कोण, हे बघायला फारसं कोणी जात नाही. तू गेलीस. अर्जात हेच काम जाऊ दे, दुसरं काही नको.

आता कान धरतो. तुझा सगळ्यात देखणा फोटो म्हणजे पत्र्याच्या भोकातून आलेली उन्हाची तिरीप, तिच्यात सोन्यासारखी उडणारी धूळ आणि खाली चाळण धरलेली बाई. ती धूळ तिच्या नाकातोंडात जाते म्हणून तर तिनं पदर बांधलाय! तुझ्या फोटोत पदरसुद्धा शोभेचा झाला. फोटो फेकून दे असं म्हणत नाही. त्याच्या शेजारी दुसरा ठेव: सुट्टी झाल्यावर नळाशी तोंड धुताना, खोकताना, पगाराचा हिशेब करताना. त्या बाया परवानगी देतील तेवढंच काढ, आणि प्रिंट काढून त्यांना नेऊन दे. स्वतःचा फोटो हातात घेऊन बाई काय बोलते ते लिहून ठेव, मराठीत बोलली तर मराठीत, कन्नडमध्ये बोलली तर कन्नडमध्ये. अर्जासोबतचं निवेदनसुद्धा आधी मराठीत लिही, इंग्रजी मागाहून कर. थेट इंग्रजीत लिहायला बसलीस की ‘पॅशन’शिवाय काही सुचत नाही, असे अर्ज ढिगानं वाचलेत मी.

काही फ्रेममध्ये आडवे काळपट पट्टे आलेत आणि रंगही पिवळट-हिरवट झालेत. कॅमेऱ्याची खोट नाही ती. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभरदा कमीजास्त होते. तू शटर 1/500 सेकंदावर ठेवलंस, म्हणजे प्रत्येक वेळी त्या चढउताराचा एखादा तुकडाच सापडला. 1/100 किंवा 1/50 वर ये, हात स्थिर ठेव, चाळणीची हालचाल थोडी पुसट झाली तर होऊ दे. आणि जेपेग बंद कर, रॉमध्ये काढ, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची फाइल जशीच्या तशी मिळते. दारात ऊन, आत अंधार असल्या जागी जेपेगला प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या मिळतात, 14 बिटच्या रॉ फाइलला 16,384. कोपरा उजळायला गेलीस की फरक डोळ्यांनी दिसेल.

एका फोटोतलं भिंतीवरचं कॅलेंडर तू पुसलंयस. जाहिरातीत खुशाल पूस. इथं नाही. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धेत चौकटीतली वस्तू काढली किंवा घातली की फोटो बाद होतो, शेवटच्या फेरीत मूळ फाइलच मागतात. शिवाय त्या वखारीत तारीख सांगणारी तेवढी एकच गोष्ट होती गं.

कुठं जाऊ, असं विचारलंस. गांधीनगरला एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, फोटोग्राफी डिझाइनचं एम. डेस. (डिझाइनमधलं मास्टर्स) आहे. प्रवेश डॅट या त्यांच्या प्रवेश परीक्षेनं, प्रिलिम्स आणि मेन्स अशा दोन टप्प्यांत. नुसत्या फोटोंवर निभावत नाही, विचार कागदावर मांडता यावा लागतो, तेव्हा रोज थोडं रेखाटत जा. तुझं हे काम बघता माझं मत तिकडं झुकतं. दिल्लीत जामिया विद्यापीठाचा स्टिल फोटोग्राफीचा पीजी डिप्लोमा एका वर्षाचा, घरून पैशाची ओढाताण असेल तर आधी त्याची फी बघ. उटीची लाइट अँड लाइफ अकॅडमी जाहिरात-प्रॉडक्टच्या धंद्यासाठी. घरचे म्हणतील, पुणं जवळ आहे, एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटला जा की! तिथं सिनेमॅटोग्राफी आहे, सिनेमाची ओढ असेल तरच.

वडिलांना मी फोन करीन. त्यांचं म्हणणं एकच असणार की स्टुडिओ चालतोय तर शिकायचं कशाला. लग्नसराईत तू परत येशील एवढं मी त्यांना सांगू शकतो, त्यापुढचं तू बोल.

पुढच्या खेपेला बेळगावला येशील तेव्हा रॉ फाइली हार्ड डिस्कवर आण, पुसलेल्या कॅलेंडरची मूळ फाइलसुद्धा. ड्राइव्हच्या लिंका मला पाठवू नकोस, त्या उघडेपर्यंत माझा चहा गार होतो.

तुझा,
सर