चित्रपटातून कापलेलं कोणतं दृश्य ठेवायलाच हवं होतं?

‘एलियन्स’मधलं (१९८६) नायिका रिप्लेच्या मुलीचं दृश्य. अंतराळयानातल्या ५७ वर्षांच्या निद्रेतून उठलेल्या रिप्लेला कळतं, की तिची अमांडा ६६ व्या वर्षी वारली. समोर येतो तो एका म्हाताऱ्या बाईचा फोटो. अकराव्या वाढदिवसाला घरी असेन, असा शब्द तिने लेकीला दिला होता! हे गेलं आणि न्यूट या अनाथ पोरीसाठी परग्रही जीवांच्या राणीच्या घरट्यात परत उतरण्यामागचं आईचं मन दिसेनासं झालं, उरलं नुसतं धाडस. १५४ मिनिटांच्या विशेष आवृत्तीत ते परत आलंय. मात्र त्यातली वाढीव सगळी १७ मिनिटं ठेवण्याजोगी नाहीत: सैनिक पोचण्याआधीच तिथली माणसांची वसाहत दाखवली, की ‘तिथे काय झालं असेल’ ही धाकधूक संपते.