फरशी बदलताना झालेले भांडण

घरातले एखादे काम दोघांनी मिळून हाती घेतले की हमखास भांडण होते, तर आमचे मुळात जमतच नाही असे समजायचे का, हा प्रश्न समुपदेशनात वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर देताना मला एक जोडपे आठवते. त्यांची ओळख पटेल असे तपशील मी येथे बदलले आहेत.

दोघांनी खोलीतली जुनी फरशी स्वतःच काढून नवी बसवायचे ठरवले होते. छिन्नी-हातोड्याने फरशी उखडण्याचे कष्टाचे आणि धुळीचे काम त्यांनी हसतखेळत पार पाडले. भांडण पेटले ते नवी फरशी बसवताना, आणि त्यानंतर काही दिवस दोघांत अबोला होता. मी त्यांना संसाराबद्दल काही विचारले नाही. भांडणाच्या आधी नेमके काय चालले होते, एवढेच सविस्तर सांगायला लावले. माझ्या अनुभवात कारण बहुधा अशा तपशिलातच सापडते.

फरशा कोरड्याच मांडून पाहताना बाईंच्या लक्षात आले होते की भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. भिंतीला धरून पहिली ओळ लावली, तर दारापाशी एका टोकाला चार बोटे आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम एक बोट रुंदीची पट्टी कापावी लागणार होती. त्यांनी तसे सांगितलेही. मात्र पतीने तोवर चिकटवण्याचे मिश्रण कालवून पसरले होते आणि अशा मिश्रणावर साधारण 20 मिनिटांत साय धरते, मग फरशी नीट चिकटत नाही. त्या घाईत ते म्हणाले, “तू फक्त फरशा उचलून दे, बाकीचं मी बघतो.” या वाक्याने बाई एका क्षणात भागीदार न राहता नुसत्या मदतनीस झाल्या. दारापाशी ती वाकडी पट्टी खरोखरच आली, तेव्हा “मी आधीच सांगितलं होतं” हे शब्द निघणे अटळ होते.

दांपत्य-संबंधांचे अमेरिकी अभ्यासक जॉन गॉटमन यांच्या मते वादात नाडीचे ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की समोरच्याचे ऐकून घेणे अवघड होते आणि शरीर निवळायला किमान 20 मिनिटे लागतात. म्हणजे माणसाला जेव्हा थांबण्याची गरज असते, नेमकी तेव्हाच पसरलेले मिश्रण त्याला थांबू देत नाही. या दोघांच्या स्वभावात मला फारसे खटकण्यासारखे दिसले नाही. जो निर्णय आधी शांतपणे व्हायला हवा होता, तो त्यांनी मिश्रण सुकत असताना घ्यायला घेतला होता.

उरलेल्या खोलीसाठी आम्ही काही गोष्टी ठरवल्या. खोलीच्या मधून दोरी धरून, 3-4-5 च्या मापाने (कोपऱ्याच्या दोन बाजू 3 आणि 4, तर तिरके अंतर 5) काटकोन तपासून, सगळी मांडणी आधी कोरडीच करायची आणि दोघांना पटली की पेन्सिलीने जमिनीवर आखायची. त्यानंतर आखणीवर वाद घालायचा नाही. मिश्रण एक-दोन ओळींपुरतेच कालवायचे, म्हणजे कोणीही “थांबूया” म्हटले की पसरलेल्या भागावर फरशा बसवून, कडेचे मिश्रण खरवडून खरोखर थांबता येते. पाणसळ, म्हणजे पातळी तपासायचे साधन, ज्याच्या हाती, पातळीबाबत त्याचा शब्द अखेरचा, आणि पाणसळ आळीपाळीने दोघांकडे राहील. ही शेवटची अट बाईंनी सुचवली. मला ती सर्वांत मोलाची वाटते, कारण “मदत कर” म्हणण्याने जे साधत नाही ते अधिकार वाटून घेतल्याने साधते.

पुढच्या भेटीत दोघांनी सांगितले की मतभेद झाले, सांध्यांत भरायच्या ग्राउटच्या रंगावरून तर बरेच झाले, पण कोणी काम टाकून निघून गेले नाही.

म्हणून असा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी सांगते की कामातल्या चिडचिडीवरून नात्याचा निकाल लावू नका. मात्र काम संपल्यावरही एकमेकांची अक्कल काढली जात असेल, चारचौघांत टोमणे मारले जात असतील, किंवा बोलण्याच्या धास्तीने एक जण गप्प राहू लागला असेल, तर तो प्रश्न फरशीचा राहिलेला नसतो आणि अशा वेळी दोघांनी वेळ न दवडता समुपदेशकाकडे यावे.