वाचकांचे प्रश्न : लॅम्डा का वाढत राहतो?

प्रश्न : मी संगणकीय दृष्टीत पीएचडी करते आहे. पुण्याजवळच्या एका गडाच्या तटबंदीचे १२० ड्रोन-फोटो आणि ४०,००० बिंदू घेऊन कॅमेऱ्यांच्या जागा आणि बिंदूंची स्थानं एकत्र सुधारत नेणारं गणित, म्हणजे बंडल अ‍ॅडजस्टमेंट चालवते. फोटो सुमारे ४० मीटरवरून घेतले आहेत, फोकल लेंग्थ ३,६०० पिक्सेल आहे. यूटीएम (नकाशाचे मीटरमधले) सहनिर्देशक थेट वापरले आणि वेगासाठी सगळं गणित जीपीयूवर ३२-बिट फ्लोटमध्ये ठेवलं. रिप्रोजेक्शन एरर (गणिताने आलेली आणि फोटोत दिसणारी बिंदूची जागा यांतला फरक) ४ पिक्सेलपाशी अडतो, लेव्हनबर्ग–मार्क्वार्ट या ऑप्टिमायझरमधला लॅम्डा (पावलाला आवर घालणारा आकडा) वाढतच जातो. दुसरा ऑप्टिमायझर घ्यावा का?

उत्तर : इतक्यात नको. पाऊल टाकून एरर कमी झाला नाही की लॅम्डा वाढतो, आणि लॅम्डा वाढला की पुढचं पाऊल आणखी छोटं, उताराच्या दिशेने पडतं. दिशा बरोबर असेल आणि तळ अजून आला नसेल, तर इतक्या छोट्या पावलाने एरर थोडा तरी उतरायलाच हवा. उतरत नाही, म्हणजे एकतर डेरिव्हेटिव्ह (एररचा उतार सांगणारी सूत्रं) चुकले आहेत किंवा आकडेच पुरेसे बारीक नाहीत.

तुमच्या बाबतीत आमचा पहिला संशय आकड्यांवर आहे. यूटीएममध्ये विषुववृत्तापासूनचं अंतर मीटरमध्ये धरतात. पुण्याजवळ ते साधारण २०.५ लाख येतं. एवढ्या मोठ्या आकड्याजवळ ३२-बिट फ्लोटला १२.५ सेंटिमीटरपेक्षा लहान फरक दाखवताच येत नाही. ४० मीटरवर १२.५ सेंटिमीटर म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यात ११ पिक्सेल. बिंदू जवळच्या पायरीवर ढकलला गेला की साडेपाच पिक्सेलपर्यंत चूक सहज येते, तेव्हा तुमचे ४ पिक्सेल कुठून आले ते उघड आहे. सगळ्या सहनिर्देशकांतून गडावरच्या एका बिंदूचे सहनिर्देशक वजा करा. ही वजाबाकी ६४-बिटमध्येच करा, आधी ३२-बिटमध्ये आणून मग नव्हे. शेवटचं समीकरण सोडवणंही ६४-बिटमध्ये ठेवलेलं बरं.

मग डेरिव्हेटिव्ह तपासा, तेही ६४-बिटमध्ये. एक चल ०.०००००१ इतका पुढे आणि तेवढाच मागे सरकवून फरकावरून उतार काढा आणि तुमच्या सूत्राशी ताडून पाहा. सेरेस सॉल्व्हर या सॉफ्टवेअर लायब्ररीत यासाठी तयार सोय आहे. इथे नेहमी सापडणारी चूक म्हणजे कॅमेऱ्याकडून जगाकडे आणि जगाकडून कॅमेऱ्याकडे जाणाऱ्या रोटेशनची अदलाबदल.

त्यानंतर चुकीच्या जोड्या, म्हणजे दोन फोटोंतले वेगळेच बिंदू एकच समजले जाणं. तटबंदीचे दगड एकमेकांसारखे दिसतात, त्यामुळे त्या निघणारच. ६० पिक्सेलने चुकलेल्या एका जोडीचा वर्ग ३,६००, म्हणजे एकेक पिक्सेल चुकलेल्या ३,६०० जोड्यांइतकं तिचं वजन. १ पिक्सेल मर्यादेचा ह्यूबर लॉस (मर्यादेपलीकडची चूक वर्गाने न वाढवता सरळ प्रमाणात मोजणारं सूत्र) लावला की ते ११९ वर येतं. सरासरीवर विसंबू नका, प्रत्येक फोटोवर चुकांचे बाण काढून बघा.

वेगाची काळजी असेल तर शूर कॉम्प्लिमेंट वापरा. एक बिंदू दुसऱ्याशी थेट जोडलेला नसतो, म्हणून सगळे बिंदू आधी बाजूला काढता येतात. १,२०,७२० अज्ञातांचं (बिंदूमागे ३, फोटोमागे ६) पूर्ण मॅट्रिक्स ६४-बिटमध्ये सुमारे ११७ जीबी होईल. कॅमेऱ्यांचं उरलेलं ७२० बाय ७२० चं फक्त ४ एमबी.

प्रश्न : सपाट माळाचे सगळे फोटो सरळ खाली बघून घेतले. एरर ०.४ पिक्सेल आहे, तरी मॉडेल मध्ये फुगलेलं दिसतं.

उत्तर : कॅमेरे समांतर असले की भिंगाची त्रिज्यीय विकृती (कडेकडे सरळ रेषा वाकवणारा दोष) आणि जमिनीचा बाक एकमेकांची जागा घेऊ शकतात, आणि दोन्ही उत्तरांना एरर जवळजवळ सारखाच येतो. २० ते ३० अंश तिरके काही फोटो मिसळा. पुन्हा उड्डाण शक्य नसेल तर त्याच फोकसवर कॅमेरा वेगळा कॅलिब्रेट करून विकृतीचे आकडे स्थिर ठेवा. जमिनीवर मोजलेले बिंदू कडेला आणि मधोमध, दोन्हीकडे हवेत. त्यातले काही गणितात न घालता तपासणीसाठी राखा. त्यांच्यावरची सेंटिमीटरमधली चूक प्रबंधात द्या, ०.४ पिक्सेल नव्हे.