शस्त्रक्रियेनंतरही पगची घरघर

प्रश्न : आमच्या चार वर्षांच्या पगच्या नाकपुड्या रुंद करून लांबलेला मऊ टाळू कापण्याची शस्त्रक्रिया बारा दिवसांपूर्वी झाली. तरीही तो झोपेत घोरतो आणि पाणी प्यायल्यावर ठसका लागून फेस टाकतो. शस्त्रक्रिया फसली का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : शस्त्रक्रिया फसली, असे बाराव्या दिवशी म्हणणे घाईचे होईल. पग, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या जातींत कवटी आखूड झाली, पण आतले मांस त्या मानाने कमी झाले नाही, म्हणून लांब टाळू श्वासाच्या वाटेत लोंबतो. शस्त्रक्रियेने ती वाट मोकळी होते; मात्र जाड जीभ, नाकातील दाटी आणि काही कुत्र्यांत जन्मतःच अरुंद असलेली श्वासनलिका तशीच राहते, त्यामुळे थोडेफार घोरणे पुढेही राहू शकते. कापलेल्या जागी सूज येऊन श्वास कोंडण्याची भीती सर्वाधिक असते ते पहिले दोन-तीन दिवस आता मागे पडले आहेत. उरलेली सूज ओसरायला काही आठवडे द्यावे लागतात.

घोरण्याच्या आवाजावरून अंदाज बांधण्यापेक्षा श्वास मोजावेत. तो गार खोलीत गाढ झोपला असताना त्याच्या बरगड्यांकडे पाहा. त्या एकदा वर येऊन खाली गेल्या की एक श्वास. पूर्ण मिनिटभर मोजून आकडा रोज वहीत लिहावा. तो 30 च्या आत असणे अपेक्षित आहे. आकडा दिवसेंदिवस चढत असेल, श्वास घेताना पोट आत ओढले जात असेल किंवा तो मान लांबवून, कोपरे फाकवून बसत असेल, तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये.

मला अधिक काळजी वाटते ती फेसाची. अरुंद वाटेतून जोर लावून श्वास ओढताना छातीत निर्माण होणाऱ्या ताणामुळे जठरातील आम्ल वर येते, आणि तेच श्वासनलिकेत उतरले तर न्यूमोनिया होतो. म्हणून फेस किती वेळा पडतो, खाण्यानंतर की पाण्यानंतर, हे डॉक्टरांना नेमके सांगा. जमल्यास मोबाईलवर चित्रण दाखवा. आम्ल कमी करणारे औषध तेच ठरवतील, घरातील माणसांची गोळी देऊ नये. तोवर कोरडे दाणेदार खाद्य बंद ठेवून मऊ भिजवलेल्या खाद्याचे छोटे गोळे दिवसातून चार वेळा द्यावेत, पाणीही थोडे थोडे ठेवावे. खोकला, मलूलपणा किंवा 103 अंश फॅरनहाइटच्या वर ताप दिसल्यास त्याच दिवशी दाखवावे.

गळ्यातील पट्टा कायमचा काढून छातीचा हार्नेस वापरा. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो आणि तीच क्रिया याला जड जाते. तेव्हा उन्हाळ्यात फिरणे पहाटेच व्हावे. उन्हाने तो कासावीस झालाच, तर अंगावर गार पाणी ओतून पंखा लावावा आणि मग दवाखाना गाठावा. धापा टाकत असताना तोंडात पाणी ओतू नये. मायेपोटी नेमके तेच केले जाते. हिरड्या निळसर दिसल्या तर क्षणही दवडू नये.

वजनाबद्दल आपण काही लिहिलेले नाही. तो गुबगुबीत असेल आणि बरगड्या हाताला लागत नसतील, तर कौतुकाने भरवली जाणारी तुपाची पोळी आजपासून थांबवा. गळ्याभोवतीची चरबी मोकळी केलेली वाट पुन्हा दाबते.