सफरचंदाचे छोटे केक मधोमध का बसतात?

प्रश्न : मी 12 कपांच्या मफिन ट्रेमध्ये सफरचंदाचे छोटे केक करते. ओव्हनमध्ये ते छान फुगतात, परंतु बाहेर काढल्यावर पाचच मिनिटांत मधोमध खाली बसतात. फोडी तळाशी गेलेल्या असतात आणि कागद सोलताना खालचा थर चिकट लागतो. 150 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम साखर, 2 अंडी, 75 मिली तेल, 60 मिली दूध, दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि एक मोठे सफरचंद असे माझे प्रमाण आहे. 180 अंशांवर 20 मिनिटे भाजते. ओटीजी जुना आहे. तो बदलावा का?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : ओटीजी बदलण्याची घाई करू नये. तुमच्या प्रमाणात मैदा, अंडी आणि दूध यांचा मेळ चांगला जमला आहे; हिशेबातून सुटले आहे ते सफरचंदातील पाणी. सफरचंदाच्या वजनापैकी सुमारे 85 टक्के पाणीच असते. साल आणि गाभा काढून 200 ग्रॅम फोडी मिश्रणात घातल्या, की त्यांच्याबरोबर जवळपास 170 मिली पाणी, म्हणजे चांगले फुलपात्रभर, आत जाते. आणि दूध मात्र आपण 60 मिली मोजून घालतो. हे पाणी लगेच दिसत नाही. साखर लागली की फोडींना पाणी सुटू लागते आणि उरलेले बरेचसे भाजताना सुटते. परिणामी केकच्या कडा शिजून घट्ट होतात, मधला भाग ओलाच राहतो आणि पिठातील स्टार्च व अंडे यांचा आधार तयार होण्यापूर्वीच आपण ट्रे बाहेर काढतो. आतली वाफ निवली की वरचा भाग खाली येणारच.

दुसरे कारण हवेचे आहे. सफरचंद पाण्यावर तरंगते ते त्याच्या गरात साठलेल्या हवेमुळे. शिजताना ही हवा निघून जाते, फोड आकसते आणि तिच्याभोवती ओली पोकळी उरते. पुढच्या वेळी बसलेला एक केक सुरीने उभा कापून पाहावा : फोडीच्या वर एक लहानशी चकचकीत कमान दिसेल. चिकटपणा तिथूनच सुरू होतो.

यावर उपाय एकच, फोडी आधी परतून घ्याव्यात. काबुली चण्याएवढ्या फोडी कराव्यात. इतक्या लहान केकमध्ये मोठ्या फोडी शोभत नाहीत आणि शिजतही नाहीत. पसरट कढईत चमचाभर लोणी, ठरलेल्या साखरेतील एक मोठा चमचा साखर आणि चिमूटभर दालचिनी घालून, झाकण न ठेवता, मध्यम आचेवर सहा-सात मिनिटे परतावे. सुरुवातीला कढईत पाणी जमते आणि खदखद ऐकू येते. ते आटले की आवाज चरचरीत होतो. त्या आवाजावर गॅस बंद करावा. वजन करून पाहिल्यास 200 ग्रॅमचे 140 ते 150 ग्रॅम झालेले असतात. फोडी ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्याव्यात, कारण गरम फोडी मिश्रणात पडल्या तर बेकिंग पावडर ओव्हनपर्यंत थांबत नाही. फोडी कोरड्या मैद्यात घोळवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचा मला तरी फारसा उपयोग झालेला नाही. त्याऐवजी प्रत्येक कपात आधी चमचाभर नुसते मिश्रण घालावे, उरलेल्यात फोडी हलक्या हाताने मिसळाव्यात आणि कप दोन-तृतीयांशच भरावा.

सफरचंद कोणते, हे तुम्ही लिहिलेले नाही, परंतु मुंबईत गाडीवर मिळणारे लाल सफरचंद बहुधा ‘डेलिशस’ जातीच्या कुळातलेच असते. हिमाचलात कोटगढ येथे सत्यानंद स्टोक्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ही अमेरिकी जात आणली. तोवर इंग्रजांनी लावलेली आंबट सफरचंदे आपल्याकडच्या जिभेला रुचत नव्हती. खायला गोड असलेले हे फळ केकमध्ये मात्र मऊ पडते आणि त्याची चव साखरेत हरवते. शीतगृहात बरेच महिने राहिलेले, दाबल्यावर पिठूळ लागणारे फळ तर केकसाठी घेऊच नये. क्रॉफर्ड मार्केटमध्ये, आणि आता उपनगरांतल्या फळवाल्यांकडेही, हिरवे ‘ग्रॅनी स्मिथ’ मिळते. ते आंबट असते आणि शिजल्यावरही फोडीचा आकार टिकतो. ते महाग असल्यामुळे मी निम्मे हिरवे आणि निम्मे लाल घेते. नुसते लालच हाती असेल तर परतताना अर्ध्या लिंबाचा रस घालावा.

ओटीजीबद्दल एवढेच, की वरची व खालची अशा दोन्ही कांड्या लावून तो 15 मिनिटे आधी तापवावा, ट्रे मधल्या कप्प्यात ठेवावा आणि पहिली 15 मिनिटे दार उघडू नये. टूथपिक खुपसताना ती फोडीत गेली तर ओलीच बाहेर येते आणि फसगत होते; म्हणून दोन ठिकाणी खुपसावी, शिवाय केकचा माथा बोटाने दाबून तो परत वर येतो का हे पाहावे. भाजून झाल्यावर 5 मिनिटांत केक ट्रेमधून काढून जाळीवर ठेवावेत. एकदा मी फोनवर बोलत राहिले आणि केक अर्धा तास ट्रेमध्येच राहिले. वाफ तळाशी अडकून बाराही केकचे बूड ओलेचिंब झाले होते.

प्रश्न : आमच्याकडे अंडे चालत नाही आणि मुलांसाठी मैदाही कमी करायचा आहे. हेच केक कणकेचे होतील का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : होतील, परंतु सगळा मैदा काढू नये, निम्मा मैदा आणि निम्मी कणीक घ्यावी. गिरणीत दळलेली कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते, म्हणून दूध दोन मोठे चमचे वाढवावे. दोन अंड्यांऐवजी 150 ग्रॅम ताजे दही घुसळून घालावे आणि बेकिंग पावडर एक चहाचा चमचा ठेवून जोडीला पाव चमचा खाण्याचा सोडा घालावा. दह्यातील आम्लाशी संयोग होऊन सोडा लगेच फसफसतो, त्यामुळे कोरडे आणि ओले एकत्र केल्यावर मिश्रण फार फेटू नये व ताबडतोब कपांत घालावे. हे केक अंड्याच्या केकइतके उंच होत नाहीत, आणि त्यांना दोन-तीन मिनिटे जास्त लागतात.

प्रश्न : पावसाळ्यात हे केक दुसऱ्याच दिवशी वरून चिकट होतात. ते किती दिवस टिकतात?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : साखर दमट हवेतील ओल ओढून घेते आणि आतल्या फळाची ओलही हळूहळू वर येते, मुंबईच्या जुलैत याला इलाज नाही. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावेत, खाली-वर टिपकागद ठेवावा. बाहेर एक दिवस, फ्रिजमध्ये तीन दिवस, याहून जास्त ठेवू नयेत. खाण्यापूर्वी 150 अंशांवर 5 मिनिटे गरम केले की वरचा पापुद्रा पुन्हा कोरडा होतो. मायक्रोवेव्हमध्ये तो होत नाही.